मांडीवर झोपणारे तान्हे बाळ खाली ठेवताच जागे होत असेल तर

कुशीत गाढ झोपलेले बाळ अंथरुणावर ठेवले की दोन मिनिटांत डोळे उघडते आणि रडू लागते, ही तक्रार पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतेक घरांत ऐकू येते. अशा वेळी ‘याला हाताची सवय लागली’ असे सांगून बाळंतिणीलाच बोल लावला जातो, आणि ते अन्यायाचे आहे. एवढ्या लहान जिवाला लाडाने बिघडवता येत नाही. नऊ महिने ऊब, हालचाल आणि आईच्या हृदयाचे ठोके यांत वाढलेल्या बाळाला सपाट, स्थिर जागा परकी वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न सवय मोडण्याचा नसून बाळाला खाली ठेवण्याची वेळ आणि रीत सुधारण्याचा आहे.

नवजात बाळ दिवसभरात साधारण 14 ते 17 तास झोपते, परंतु ही झोप दोन-तीन तासांच्या तुकड्यांत विभागलेली असते. मोठी माणसे डोळा लागल्यावर आधी शांत झोपेत शिरतात, तर नवजात बाळ आधी चळवळ्या झोपेत शिरते. या अवस्थेत पापण्यांखाली बुबुळे फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, मध्येच हसू उमटते, श्वास कधी भरभर तर कधी संथ चालतो. पाहणाऱ्याला बाळ झोपलेले दिसते, पण त्याची झोप अगदी वरवर असते. नेमक्या याच वेळी त्याला खाली ठेवण्याची घाई होते. काही वेळाने, पुष्कळदा पंधरा-वीस मिनिटांनी, श्वास एकसारखा होतो, आवळलेल्या मुठी सैल पडतात आणि चेहरा स्थिरावतो. बाळाचा हात अलगद उचलून सोडावा. तो लुळा पडला तर ठेवण्याची वेळ झाली, आणि त्याने हात आखडून घेतला तर आणखी थोडे थांबावे.

जपानमधील रिकेन या संस्थेत कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे उपयोगी पडतो. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे न थांबता, संथपणे चालावे आणि बाळ झोपल्यावर त्याला घेऊन पाच ते आठ मिनिटे बसून राहावे, मग खाली ठेवावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बाळांच्या हृदयाचे ठोके मोजताना त्यांना असेही दिसले की बाळ चाळवते ते गादीला पाठ टेकल्यामुळे नव्हे, तर आईच्या अंगापासून त्याचे अंग सुटू लागते त्या क्षणी. अभ्यास मोजक्याच बाळांवर केलेला आहे, त्यामुळे मिनिटांपेक्षा बाळाच्या अंगाकडे पाहून ठरवणे मला अधिक योग्य वाटते. मात्र अंग सुटण्याचा क्षण सांभाळायचा, हे त्यातून निश्चित घ्यावे.

त्याची तयारी आधीपासून करावी. बाळाला पोटभर पाजावे, खांद्यावर घेऊन ढेकर काढावी, लंगोट बदलायचा असल्यास पाजण्याच्या मध्यावर बदलून घ्यावा, कारण झोप लागल्यावर ओल्या लंगोटाकडे हात गेला की सगळी मेहनत वाया जाते. जांभई, डोळे चोळणे, एकटक शून्यात पाहणे ही झोपेची लक्षणे दिसताच थोपटायला घ्यावे. फार दमलेले बाळ लवकर झोपेल ही अपेक्षा खोटी ठरते; ते उलट अधिक किरकिरते. रात्री पाजताना मंद दिवा ठेवावा, बोलणे कमी करावे, आणि दिवसा घरात नेहमीसारखा उजेड व वावर असू द्यावा, म्हणजे पुढच्या काही आठवड्यांत दिवस-रात्रीचा फरक त्याच्या अंगवळणी पडतो.

ठेवताना बाळाला छातीशी धरूनच स्वतः वाकावे. आपली छाती अंथरुणाच्या अगदी जवळ येईपर्यंत बाळाला दूर करू नये. आधी पाय आणि ढुंगण टेकवावे, मग पाठ, आणि सर्वांत शेवटी डोके. डोके अधांतरी मागे गेले की पडल्याचा भास होऊन बाळ दचकते, दोन्ही हात फेकते आणि त्या दचकण्यानेच जागे होते. हे दचकणे साधारण तीन ते सहा महिन्यांत ओसरते. म्हणून डोक्याखालचा हात घाईने ओढू नये. दुसरा तळहात बाळाच्या छातीवर ठेवावा, त्याचे दोन्ही हात छातीशी हलकेच धरावेत, थोपटण्याची लय हळूहळू संथ करत न्यावी आणि मगच हात काढावा. इतक्यात ते कण्हले, वळवळले, तरी लगेच उचलू नये. झोपेतही बाळे आवाज करतात आणि पुष्कळदा तशीच पुन्हा स्थिरावतात. रडणे वाढू लागले तर मात्र उचलावे, शांत करावे आणि सारे पुन्हा पहिल्यापासून करावे.

दुपट्यात गुंडाळल्याने दचकणे कमी होते, पण त्याची पद्धत बदलायला हवी. पाय सरळ ओढून घट्ट बांधल्यास खुब्याच्या सांध्याला इजा पोहोचू शकते. हात आवरलेले, पण पाय बेडकासारखे दुमडता आणि फाकवता येतील इतके मोकळे असावेत. कापड पातळ सुती असावे, छातीवर दोन बोटे शिरतील इतके सैल असावे, आणि बाळ कुशीवर वळू पाहू लागले की गुंडाळणे थांबवावे. बाळाला उकडते आहे का, हे मानेमागे हात लावून पाहावे. हातपाय गार लागले म्हणून टोपी, मोजे आणि गोधड्या चढवू नयेत.

झोपेची जागा कोणती असावी, याबाबत मात्र तडजोड नको. बाळ नेहमी पाठीवर झोपवावे, गादी सपाट आणि टणक असावी, जवळ राईची उशी, लोड, मऊ खेळणी किंवा जाड पांघरूण नसावे. झोळीत हलवल्याने बाळ लवकर झोपते हे खरे. पण झोळीत हनुवटी छातीवर टेकून श्वास कोंडण्याचा धोका असतो, त्यामुळे कोणीतरी समोर बसून असेल तेवढाच वेळ झोळी वापरावी आणि झोप लागताच बाळाला सपाट जागी ठेवावे. आईच्या खोलीत, पण स्वतंत्र जागी झोपवणे सर्वांत सुरक्षित. थकलेल्या माणसाने बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत डोळा लागू देणे अतिशय धोक्याचे आहे. डोळे मिटू लागले आहेत असे वाटताच बाळ दुसऱ्याच्या हाती द्यावे, किंवा ते रडले तरी चालेल, पण पाळण्यात ठेवावे. कितीही वैताग आला तरी बाळाला गदागदा हलवू नये; त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

झोपेसाठी जायफळ उगाळून चाटवणे, गुटी किंवा मध देणे टाळावे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा लागत नाही. खोलीत धुरी करू नये, मच्छरांसाठी कॉइलऐवजी मच्छरदाणी लावावी.

काही वेळा झोप न लागण्यामागे आजार असतो. तीन महिन्यांच्या आतील बाळाचा ताप 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असेल, ते दूध ओढत नसेल, पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहापेक्षा कमी वेळा लघवी करत असेल, उलटी हिरवी होत असेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, किंवा ते नेहमीपेक्षा फार सुस्त असेल, तर त्याच दिवशी, गरज पडल्यास रात्रीही, डॉक्टरांकडे न्यावे. दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास आशा सेविका 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. झोपेची, दुधाची आणि वजनाची शंका त्यांना मोकळेपणाने विचारावी.

बाळाला ठेवण्याचे काम एकट्या आईवर सोपवू नये. रात्रीचा पहिला टप्पा बाबांनी किंवा आजीने घ्यावा आणि फक्त पाजण्यापुरते बाळ आईकडे आणावे, म्हणजे तिला सलग तीन-चार तास मिळतात. बाळ झोपलेले असतानाही आईला झोप येत नसेल, सतत रडू येत असेल किंवा बाळाजवळ जावेसे वाटत नसेल, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर तिला डॉक्टरांकडे घेऊन जावे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार मनात येत असतील, तर एक दिवसही थांबू नये.