छपरं मोजली, मग घरं सापडली

डहाणूकडच्या पाड्यांत लसीकरणाचं सर्वेक्षण होतं. जुनी रीत अशी: ३० समूह (म्हणजे निवडलेली गावं-वस्त्या), प्रत्येकी ७ मुलं. गावाच्या मध्यावर पेन फिरवायचं आणि टोक दाखवेल तिकडे चालत सुटायचं. यात रस्त्यालगतचीच घरं येतात, ओढ्यापलीकडचा पाडा कायम राहून जातो.

या वेळी क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहचित्र उघडलं आणि छपरागणिक एक ठिपका टाकला. दोन रात्री डोळे चुरचुरले. मग त्या ठिपक्यांतून संगणकाकडून रँडम निवड काढली. (नकाशावर कुठेही बिंदू टाकून जवळचं घर धरू नका, एकट्या घरांना जास्त संधी मिळते.)

पहिल्याच दिवशी चारांतली दोन छपरं गोठे निघाली! ती सोडली, पण शेजारचं घर धरलं नाही. निवड मुळातच थोडी जास्त काढली होती. खरी गोची पुढे झाली, एका छपराखाली तीन चुली. "भाऊ वेगळे झालेत ना, ताई," म्हातारी म्हणाली. तिन्ही चुलींची माहिती घेतली, म्हणजे प्रत्येक कुटुंबाची संधी सारखी राहते.

कुलूप दिसलं तिथे संध्याकाळी परत गेलो. आणि हो, नकाशा फोनवर आधीच उतरवून ठेवा. ओढा ओलांडला की रेंज जाते.