रोलबॅक झाला तरी लॉग वाचवा

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये प्रोसिजर (साठवून ठेवलेला आदेशांचा संच) अर्ध्यात आपटली की बरेच जण लॉग टेबल उघडतात आणि ते रिकामं! कारण कॅच ब्लॉकमधल्या (एरर आल्यावर चालणाऱ्या भागातल्या) रोलबॅकने, म्हणजे केलेले बदल मागे घेण्याने, नोंदीही पुसल्या. टेम्प (तात्पुरत्या) टेबलचंही तेच. टेबल व्हेरिएबल (टेबलसारखा डेटा धरणारं व्हेरिएबल) मात्र रोलबॅकला जुमानत नाही. टप्प्याचं नाव, वेळ आणि टेबलच्या किती ओळी बदलल्या, हे त्यात टाकत जा. कॅचमध्ये आधी रोलबॅक, मग त्या नोंदी खऱ्या लॉग टेबलमध्ये, शेवटी थ्रो (एरर पुढे पाठवणारा आदेश). थ्रोच्या आधीचं वाक्य सेमीकोलनने संपवा.

रोकाउंट, म्हणजे आधीच्या आदेशाने किती ओळींवर काम केलं तो आकडा, लगेच व्हेरिएबलमध्ये उचला. समजा, मुलुंडच्या सोसायटीची मेंटेनन्स बिलं बनवताय: अपडेटनंतर मध्ये नुसता एक इफ घातला तरी १४४ फ्लॅटचा आकडा ० होतो, आणि आपण उगाच जॉइनवर (टेबलं जोडण्यावर) संशय घेत बसतो.

चालू प्रोसिजरची प्रगती पाहायला प्रिंट (मेसेज दाखवणारा आदेश) कुचकामी. बफर (मेसेज साठवायची जागा) भरेपर्यंत मेसेज येतच नाहीत. त्याऐवजी रेझएरर हा आदेश वापरा, सिव्हिरिटी (गंभीरतेची पातळी) ० आणि विथ नोवेट (न थांबता पाठव) देऊन. मेसेज तिथल्या तिथे दिसतो. अंधेरीच्या ऑफिसातून शेवटची बोरिवली लोकल गाठायची असेल तर बॅच अजून किती चालेल, याचा अंदाज तरी येतो.