जुन्या गाडीचा रंग: रबिंग मारण्याआधी हे करून बघा

सेकंडहँड दुचाकी दारात आली की पहिला सल्ला ठरलेला: ‘रबिंग मारून घे, नव्यासारखी दिसेल.’ दिसतेही. पण रबिंग म्हणजे रंगावरचं लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, घासून काढणं. हा थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. आधीच्या मालकाने त्यातला किती घासून संपवलाय, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून सगळ्यात सौम्य उपायापासून सुरुवात करायची आणि काम झालं की तिथंच थांबायचं.

सर्वात आधी पेट्रोलची टाकी बघा. सांगलीत गाडी घेतली असेल तर जरा जास्तच बारकाईने. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं. पुरात राहिलेल्या गाडीत सीटखालच्या कोपऱ्यांत, हेडलाईटच्या आत, टाकीखालच्या खाचेत बारीक गाळ अजूनही सापडतो. टाकीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. रंगाला बारीक फोड लागले तर बहुधा गंज आतून येतोय. अशा टाकीला पॉलिश करणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी टाकी उतरवून गंजाचा बंदोबस्त, मग रंग. लॅकरचे पांढरट पोपडे सुटत असतील तरीही पॉलिशचा उपयोग नाही, ते काम पेंटरचंच. मॅट रंगाच्या गाडीला तर पॉलिश लावूच नका. त्यावर चकचकीत डाग पडतात आणि ते परत जात नाहीत.

धुवायची ती सावलीत आणि इंजिन गार झाल्यावर. गळीत हंगामात, त्यातून शेजारी पाचट पेटवलं असेल तर, टाकीवर काळी काजळी येऊन बसते. ती कोरड्या फडक्याने पुसू नका, टाकीवर जाळीसारखे चरे पडतात ते अशानेच. आधी पाण्याने वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या: एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी फडकं खळबळायला. धुण्याची पावडर नको, डिझेलचा फवारा तर नकोच. तो तासभर चमकतो, मग त्यावर धूळ चिकटते आणि रबरी भाग खराब होतात. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर गाडी वाळायच्या आत मायक्रोफायबरने टिपून घ्या. जुने पांढरे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा आणि लगेच धुऊन टाका.

आता हात पातळ कॅरीबॅगमध्ये घालून टाकीवरून अलगद फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारी टाकी पिशवीतून खरखरीत लागते. हा रंगात रुतलेला मळ, तो शाम्पूने निघत नाही. त्यासाठी क्ले बार, म्हणजे मळ उचलणारी मऊ मातीसारखी वडी, मिळते. शाम्पूच्या पाण्याने पृष्ठभाग ओला ठेवून ती हलक्या हाताने, सरळ रेषेत फिरवायची. जमिनीवर पडली तर तो तुकडा फेकून द्या, त्याला चिकटलेला एक खडा सगळी टाकी ओरबाडतो. मळकट गाडीचा खरा रंग बरेचदा इथंच वर येतो.

राहिले चरे. चऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. ओला असताना दिसेनासा झाला तर तो लॅकरपुरताच आहे, पॉलिशने जाईल. आडवं नख फिरवल्यावर अडकलं तर तो खोल आहे, त्याला घासत बसू नका.

पॉलिश सुरू करण्याआधी टाकीच्या कडा, काळं प्लास्टिक आणि स्टिकरच्या कडा मास्किंग टेपने झाका. कडांवर लॅकर सर्वात पातळ असतं आणि काळ्या प्लास्टिकवर पॉलिश लागलं की पांढरे डाग राहतात. सर्वात बारीक पॉलिश आधी साईड पॅनलच्या हातभर नाही, तळहाताएवढ्या जागेवर लावून बघा. तेवढ्याने भागलं तर कंपाऊंडचा, म्हणजे रबिंगच्या जाडसर पॉलिशचा, डबा उघडूच नका. हातानेच करा. ड्रिल मशीनला पॅड लावून नवख्या हाताने केलं तर एकाच जागी उष्णता होऊन लॅकर जळतं. फडक्याला गाडीचा रंग लागायला लागला तर थांबा: एकतर लॅकर संपलंय, नाहीतर जुन्या पद्धतीचा, लॅकर नसलेला रंग आहे.

पत्र्यापर्यंत गेलेला टवका असेल तर गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग काडीच्या टोकाने प्राइमर आणि त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ थर, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. रंगाचं कंपनीचं नेमकं नाव शोरूममधून घ्या, नुसतं ‘लाल’ म्हणून जुळत नाही. टू-के लॅकरचा (हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या लॅकरचा) स्प्रे मात्र घरात मारू नका. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं आणि साध्या मास्कने अडत नाही. रंगच बदलायचा असेल तर आरसीवर तशी नोंद लागते, आरटीओत आधी विचारा.

शेवटी वॅक्स. पातळ लावा, पांढरट झाला की पुसून घ्या. ब्रेकची डिस्क, टायर, सीट आणि फूटरेस्टला लागू देऊ नका, ब्रेक नीट न लागण्याचा किंवा घसरण्याचा धोका असतो. पावसाळ्याआधी एक हात नक्की द्या, एरवी दोन-तीन महिन्यांनी. टाकी फुल करताना पेट्रोल सांडलं तर तिथंच ओल्या फडक्याने पुसा. झाकणाभोवतीचे पिवळट डाग याच सांडलेल्या पेट्रोलचे असतात.