हीलचं लग्न: तीन आठवडे आधीपासूनची तयारी

मागच्या वर्षी मावसबहिणीच्या रिसेप्शनला मी चार इंची पेन्सिल हील घातली होती, आदल्या दिवशी संध्याकाळी घाईघाईत घेतलेली. नाशिकच्या गंगापूर रोडचं लॉन, डिसेंबरची थंडी, स्टेजवर पाहुण्यांची रांग. साडेनऊला मी केटरर्सच्या तंबूमागे उलट्या क्रेटवर बसले होते आणि पाण्याच्या बाटल्या गार करायला ठेवलेल्या बर्फाच्या टबात माझे दोन्ही पाय होते. मामा शोधत आले. "काय गं, पाय मोडला की काय?" मोडला नव्हता, पण पुढचे चार दिवस मी घरात टाचेवर चालत होते, कारण चवडा जमिनीला टेकवत नव्हता. या तुळशीच्या लग्नानंतर घरात दोन लग्नं आहेत आणि दोन्ही नवऱ्यामुलींनी हील घ्यायचं पक्कं केलंय. त्यांच्यासाठी ही यादी. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनीही खुशाल वापरावी.

पहिलं काम दुकानात जायचं नाही, वहीत लिहायचं आहे. हील नेमकी कुठल्या कार्यक्रमात लागणार आणि किती तास, ते आधी मांडा. हळदीला अनवाणी. सकाळच्या विधींना अनवाणीच, मांडवात चपला चालतच नाहीत. नऊवारीखाली हील शोभत नाही हे माझं ठाम मत आहे, त्याखाली कोल्हापुरी घाला. वरातीत डांबरी रस्त्यावर नाचायचं असतं आणि एकदा नाशिक ढोल सुरू झाला की कोणी जपून पाऊल टाकत नाही, म्हणजे तिथेही सपाटच. उरलं रिसेप्शन, सात ते अकरा. त्यातही पहिला तास प्रवेश आणि फोटोंचा, तेवढाच खरा उंचीचा. असं मोजलं की आपल्याला बारा तासांची हील लागतच नाही, दोन-तीन तासांची लागते. त्या हिशेबाने खरेदी करा.

खरेदीला संध्याकाळीच निघा. दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडे सुजतात आणि रिसेप्शनला ते तसेच असणार आहेत. सकाळी अकराला अंगासरशी बसलेली सँडल रात्री आठला चावते. मेन रोडला घ्या, शालिमारला घ्या नाही तर कॉलेज रोडला, पण जाताना घरून एक कागद न्या. वर्तमानपत्रावर उभं राहून (बसून नाही, उभं राहिल्यावर पाऊल पसरतं) दोन्ही पावलांची पेन्सिलने रेघ काढायची आणि कापून घ्यायची. बहुतेकांचं एक पाऊल दुसऱ्यापेक्षा थोडं मोठं असतं, ते कागदावर लगेच दिसतं. माप मोठ्या पावलाचं धरायचं. दुकानात हा कागद सँडलमध्ये सरकवा. कडा वर वळल्या, कागदाला सुरकुती पडली, तर तुमच्या बोटांचंही तेच होणार. दुकानदार हसतो, हसू द्या. "वापरून सैल होईल ताई" हे वाक्य तो सगळ्यांनाच म्हणतो. कातडं थोडं सैल होतं, रेक्झिन फारसं होत नाही.

उंची दोन इंचांच्या, म्हणजे साधारण पाच सेंटीमीटरच्या आसपास ठेवा. फोटोत चार इंच हवेच असतील तर पुढे प्लॅटफॉर्म असलेली बघा. टाच चार इंच आणि पुढचा तळ दीड इंच असेल तर पायाला चढ अडीच इंचांचाच लागतो. पेन्सिलपेक्षा ब्लॉक, म्हणजे जाड टाचेची, बरी; वेजेस, म्हणजे पुढून मागे सलग भरीव तळाची, त्याहून स्थिर. घोट्याला पट्टा हवाच. पट्टा नसला की पाऊल उतारावरून पुढे घसरतं, बोटं टोकात चेपली जातात आणि सँडल निसटू नये म्हणून ती आपोआप आवळली जातात. पुढचं टोक निमुळतं नको. आणि सँडलचा तळ हातात धरून वाकवून बघा: बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे. मध्यातून वाकत असेल तर खाली ठेवा.

हे सगळं कशासाठी, तेही सांगते. सपाट उभं असताना वजनाचा मोठा वाटा टाच उचलते. टाच उचलली की तो वाटा चवड्यावर सरकतो, आणि हील जितकी उंच तितका जास्त. चवड्याची हाडं बारीक, त्यावरची गादी पातळ. म्हणून आग तिथे होते. वर अंगठा आत दाबला जातो, करंगळीवर कुरूप धरतं, तिसऱ्या-चौथ्या बोटांमधली नस चेपली तर तिथे मुंग्या किंवा विजेसारखी कळ येते. रोज हील घालणाऱ्यांच्या पोटऱ्या आखडतात आणि मग सपाट चपलेतही दुखतं. तशी ही टाच मुळात इराणी घोडेस्वारांची, रिकिबीत पाय पक्का राहावा म्हणून. सतराव्या शतकात युरोपातल्या पुरुषांनी ती उचलली, फ्रान्सचा चौदावा लुई तर लाल टाचांचे बूट मिरवायचा. स्टेजवर चार तास उभं राहून पाहुण्यांना नमस्कार करायला ती कधी बनलीच नव्हती.

सँडल आधी, शिलाई नंतर. हा क्रम आमच्या घरात उलटा झाला आणि घागरा दोन इंच आखूड निघाला. टेलरकडे घेर आणि उंची द्यायला जाताना तीच सँडल घालून उभं राहा. साडी असेल, मग ती येवल्याची पैठणी असो की दुसरी, तर नेसवणाऱ्या ताईंना आधीच सांगा: सँडल घालूनच नेसायची. नंतर घातली तर काठ वर उचलला जातो आणि खालून घोटे दिसतात. उलट ऐनवेळी हील काढली तर काठ जमिनीवर लोळतो, त्यात पाय अडकतो. त्यावर उपाय पुढे येतोच आहे.

आता तीन आठवडे घरात सराव. पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी वीस मिनिटं, जाड मोजे घालून, फरशीवर. खालच्या काकूंचा फोन येईल, "काय ठोकताय वर?", त्यांना पत्रिका आधीच देऊन ठेवा. मोजे काढून पाऊल बघायचं: कुठे लाल झालंय? तीच जागा त्या दिवशी फोड देणार. तिथे बॉलपेनने सँडलच्या आतून खूण करा आणि कोपऱ्यावरच्या चप्पल दुरुस्तीवाल्या काकांकडे न्या. कातडी असेल तर ते कलबुतावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, चढवून तेवढीच जागा ताणून देतात. हेअर ड्रायरची गरम हवा मारून सैल करायची युक्ती सगळीकडे फिरते, पण रेक्झिनला ती मारली तर गोंद सुटतो. आमच्या काकांनी माझी ती चार इंची उलटी करून अंगठ्याने टाच दाबली आणि म्हणाले, "ताई, रबर संपलंय, आतला खिळा टेकतोय. फरशीवर घसरणार नाही तर काय होईल?" वाटाण्याएवढं रबर, आणि मी त्याच्याकडे कधी बघितलंही नव्हतं. नव्या सँडलचंही बघून घ्या, आणि गुळगुळीत तळाला खालून रबराचा पातळ थर लावून मागा.

दुसऱ्या आठवड्यापासून मोजे काढा आणि जिने धरा. चढणं सोपं, उतरणं अवघड, तेही घेर सावरत. कठडा धरूनच करा. पांडवलेण्याच्या पायऱ्या रोज चढतो म्हणून हील जमेल असं समजू नका, दम आणि तोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोबत रोज पाच मिनिटं पोटऱ्यांसाठी: भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, तीस सेकंद, मग दुसरा. बसल्या बसल्या पायाच्या बोटांनी नॅपकिन गोळा करायचा. दिसायला येडपट आहे, पण पावलातले बारीक स्नायू त्यानेच जागे होतात.

पावलांची निगाही याच दिवसांत. नाशिकच्या थंडीत टाचांना भेगा पडतात आणि भेगाळलेली टाच पट्ट्यात घासली की रक्त येतं. रात्री कोमट पाण्यात पाय, वज्रीने हलकं घासणं, मग कोकमाचं तेल आणि सुती मोजे. नखं सरळ कापा, कोपरे खोल गोल काढू नका. पार्लरचं पेडिक्युअर चार-पाच दिवस आधी उरका, आदल्या दिवशी नको, कारण नवी कोवळी त्वचा लगेच सोलते. कुरूप असेल तर घरी ब्लेड चालवायचं नाही. ज्यांना मधुमेह आहे, म्हणजे आमच्या घरात निम्म्या मावश्या, त्यांनी कुरपाचं मलमही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. आणि हीलच्या भानगडीतच पडू नये. पायाला संवेदना कमी असली की फोड आलेला कळतही नाही.

पिशवी करवलीकडे द्या, नवरीकडे नको, ती विसरणारच. पिशवीत कागदी मायक्रोपोर टेप, जी मेडिकलमध्ये सहज मिळते. सराव करताना जिथे लाल झालं होतं तिथे ती कोरड्या पायावर, सँडल घालण्यापूर्वीच लावायची. फोड आल्यावर लावून काय उपयोग? पट्ट्या, छोटी कात्री, टाचेमागे चिकटवायची मऊ पट्टी, आणि चवड्याचे जेल पॅड. हे पॅड बहुतेक जणी चुकीच्या जागी लावतात. उंचवटा असलेलं पॅड दुखऱ्या हाडांच्या बरोबर खाली नाही, त्यांच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला बसवायचं, म्हणजे भार मागे उचलला जातो. पॅडने जागा खाल्ली जाते, म्हणून सराव पॅड लावूनच करा. लॉन असेल तर टाचेवर चढवायची प्लास्टिकची टोपणं. हिवाळ्यात रात्री आठनंतर गवतावर दव असतं, पेन्सिल हील त्यात खिळ्यासारखी रुतते. आणि सगळ्यात महत्त्वाची, दुसरी जोडी. घागऱ्यासाठी सपाट मोजडी चालेल. साडीसाठी मात्र एखाद-दीड इंचाची ब्लॉक, म्हणजे काठ फार लोळत नाही. मघाशी म्हटलेला उपाय तो हाच.

पिशवीत काय नको? सुन्न करणारा स्प्रे. दुखणं थांबतं, पण पाय मुरगळतोय हे सांगणारंच कोणी उरत नाही. वेदनाशामक गोळी आधीच घेऊन स्टेजवर चढणंही मला पटत नाही, त्यातून नवरीचं पोट दिवसभर रिकामं. चवडा दुखू नये म्हणून पायाचं तिसरं आणि चौथं बोट टेपने बांधायची युक्ती मी करून पाहिली. फरक पडला नाही, टेप काढताना मात्र ओरडले.

त्या संध्याकाळी सँडल शेवटी घाला, गाडीतून उतरताना. स्वतः गाडी चालवणार असाल तर हीलवर नकोच. चालताना पावलं लहान, आधी टाच मग चवडा, नजर समोर. कार्पेटच्या कडा आणि स्टेजची पहिली पायरी या दोन जागा दुपारीच बघून ठेवा. मांडववाल्याला कडा टेपने चिकटवायला सांगितल्या तर तो करतो, न सांगता करत नाही. फोटोग्राफर दादांना सांगून उभे, पूर्ण उंचीचे फोटो पहिल्या अर्ध्या तासात काढून घ्या. मग स्टेजवरच्या सोफ्याचा वापर करा, तो तुमच्यासाठीच भाड्याने आणलाय. दोन कुटुंबांच्या मध्ये बसा. घागऱ्याखाली सँडल काढून पाय कार्पेटवर ठेवले तर कोणाला दिसत नाही. आमच्या धाकटीने दीड तास तसाच काढला आणि अल्बममध्ये एकालाही ओळखू आलं नाही. जळजळ सुरू झाली की तेव्हाच जोडी बदला. "अजून दहा मिनिटं" म्हणत थांबलात की मग बर्फाचा टब.

घरी आल्यावर पाय धुऊन कोरडे करा, फोड आला असेल तर फोडू नका, वरून पट्टी लावा. पाय भिंतीला टेकवून किंवा दोन उशांवर वर ठेवून पंधरा-वीस मिनिटं पडा. तळव्याखाली गार पाण्याची बाटली घोळवा. बर्फ लावायचा तर टॉवेलात गुंडाळून. दुसऱ्या दिवशी आजीची काशाची वाटी काढायची, तळव्याला तूप लावून हळूहळू घासायची, जिथे सोललंय ती जागा सोडून. विज्ञान मला विचारू नका, झोप मात्र छान लागते. सत्यनारायण दुसऱ्या दिवशी असेल तर तो आराम समजा, अनवाणी आणि बसूनच असतो. आठवडाभरात दुखणं उतरलं नाही, बोटं बधिर राहिली, घोटा सुजला किंवा पायावर भार देता येत नसेल तर तेल-तूप बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

माझी ती चार इंची अजून माळ्यावर होती. परवा काढली, काकांकडे दिली. टाच कापून अडीच इंच करता येईल का विचारलं, तर म्हणाले, "कापतो, पण तळ वाकडा बसेल, नाक वर होईल. रबर लावून देतो, कोणाला तरी देऊन टाका." शनिवारी मिळणार आहे. धाकटीला आत्ताच सांगून ठेवलंय, तिच्याकडे बघायचं नाही.