सिग्नलला गाडी तापते? आधी फॅन बघा

ईस्टर्न फ्रीवेवर माझ्या गाडीच्या तापमानाचा काटा मध्यावर, सायनच्या सिग्नलला मात्र लालकडे. म्हणजे धावताना वारा मिळतो, थांबली की रेडिएटरचा फॅन फिरत नाही. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) पुरेसं, गळती नाही. एसी लावला तरी फॅन ढिम्म. फ्यूज शाबूत. बॅटरीवरून फॅनला थेट १२ व्होल्ट दिले तर भर्रकन फिरला, म्हणजे मोटर ठीक. मग हॉर्नचा रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच; नंबर तोच होता) फॅनच्या जागी बसवला आणि फॅन सुरू! जुन्याच्या पिनांवर हिरवट थर, पावसाळ्याची कृपा. नवा बसवण्याआधी सॉकेटही साफ केलं.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका, इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडू नका.