बिनसाहेबांची कंपनी चालवताय? या चुका टाळा

ग्राहकाशी रोज बोलणाऱ्या माणसाला साध्या निर्णयासाठी तीन सह्यांची वाट पाहावी लागू नये. त्यामुळे मधले साहेब कमी करून टीमनेच आपलं आपण ठरवावं, हा विचार मला मनापासून पटतो. कामं पटापट होतात, माणसं जबाबदारीने वागतात. तरीही असे प्रयोग फसतात, कारण मॅनेजरचं पद जातं, पण त्याचं काम कुणी करायचं ते ठरलेलं नसतं.

गूगलने साधारण 2002 मध्ये इंजिनिअरिंग मॅनेजर काढून पाहिले. मग खर्चाची बिलं आणि आपसातली भांडणं थेट कंपनीचे सहसंस्थापक लॅरी पेज यांच्यापर्यंत जायला लागली. काही महिन्यांतच प्रयोग गुंडाळावा लागला.

तेव्हा आधी यादी करा. रजा कोण मंजूर करणार? बिल कोण पास करणार? एखाद्याचं काम नीट होत नसेल तर त्याला तोंडावर कोण सांगणार? हा शेवटचा प्रश्न सगळेच टाळतात आणि त्याचं ओझं मुकाट्याने काम करणाऱ्या दोघा-तिघांवर पडतं.

दुसरी चूक जास्त घातक. पदं गेली की सत्ताही गेली, असं धरून चालणं. व्हॉल्व्ह या गेम कंपनीत कुणी बॉस नाही असं सांगितलं जायचं, पण तिथून काढून टाकलेल्या इंजिनिअर जेरी एल्सवर्थ यांनी 2013 मध्ये तिथल्या छुप्या सत्ताधाऱ्यांबद्दल उघडपणे सांगितलं. मीटिंगमध्ये ठरलेलं चहाच्या टपरीवर बदलत असेल, नवीन माणसं गप्प बसत असतील, तर तुमच्याकडेही कंपू तयार झालाय. प्रत्येक निर्णय कुणाचा, कधीचा आणि का, हे सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवा.

भांडण झालं की ‘आपसात मिटवा’ एवढंच सांगणं पुरत नाही. कॅलिफोर्नियातल्या मॉर्निंग स्टार या टोमॅटो प्रक्रिया कंपनीत पायऱ्या ठरलेल्या आहेत: आधी दोघांनी बोलायचं, मग दोघांना मान्य असलेला सहकारी मध्यस्थ, मग सहकाऱ्यांची समिती, तरीही नाही मिटलं तर अध्यक्षांचा शब्द अखेरचा.

टीम फार मोठी करू नका. नेदरलँड्समध्ये 2006 मध्ये सुरू झालेल्या ब्युर्टझॉर्ग या संस्थेत घरोघरी जाणाऱ्या नर्सेसची टीम जास्तीत जास्त 12 जणांची. ड्युट्या त्याच लावतात, नवीन नर्सही त्याच निवडतात. अडलं तर कोच मदतीला येतो, पण हुकूम सोडत नाही.

पगारवाढ शेवटी मालकच ठरवणार असेल तर पहिल्या दिवशीच सांगून टाका. अप्रेझलच्या वेळी कळलं तर विश्वास उडतो.

आणि आपल्याकडचा कायदा विसरू नका. 10 किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच, आणि 2013 च्या कायद्यानुसार तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला असावी लागते. तुमच्याकडे ‘वरिष्ठ’ कोण, हे तक्रार येण्याआधी ठरवून ठेवा.