इंटर्नशिपची केस: मुलाचं वाचन सुधारलं हे दाखवायचं कसं?

यंदाची माझी इंटर्न नाशिकची आहे. एरवी इथे अमेरिकेत सगळे नावाने हाक मारतात, ही मात्र सुपरव्हिजनला बसली की ‘ताई’वर येते. मीही सांगलीची असल्यामुळे ते गोड वाटतं. दर आठवड्याच्या दोन तासांत तिला एकच गोष्ट तीन वेळा समजावून झाली, म्हणून आता ती लिहूनच काढते. स्कूल सायकॉलॉजीला, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या शिकण्याच्या आणि वागणुकीच्या अडचणींवर काम करणाऱ्या मानसशास्त्राच्या शाखेला, आलेल्या किंवा यायच्या विचारात असलेल्या आपल्या इतर मुलामुलींनाही उपयोगी पडेल.

स्पेशालिस्ट पातळीच्या (मास्टर्सच्या पुढच्या, डॉक्टरेटच्या अलीकडच्या) कोर्सचा बाहेरचा हिशोब सोपा आहे. किमान ६० सेमिस्टर क्रेडिट, शेवटी १२०० तासांची इंटर्नशिप, त्यातले निदान ६०० तास शाळेत. राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी प्रॅक्सिस या परीक्षेचा ५४०३ क्रमांकाचा पेपर, त्यात १५५ गुण लागतात. आपल्या मुलांना परीक्षेची भीती नसते. पण नॅस्पची, म्हणजे आमच्या राष्ट्रीय संघटनेची, मान्यता हवी असेल तर त्या कोर्सला आणखी एक गोष्ट दाखवावी लागते: इंटर्नच्या कामामुळे शाळेतल्या मुलांमध्ये मोजता येईल असा फरक पडला. गाडी अडते ती इथे. हुशार इंटर्न वीस पानांचा सुंदर रिपोर्ट लिहितो, त्यात मुलाचा बुद्ध्यांक असतो, आईची मुलाखत असते, पण मूल आता कसं वाचतं ते नसतं.

तर सुरुवात केस निवडण्यापासून. सप्टेंबरमध्येच निवडा. तक्रार मोजता येईल अशी हवी. ‘वर्गात लक्ष नसतं’ ही केस नव्हे, ‘तिसरीचा मुलगा मिनिटाला चाळीसेक शब्दच बरोबर वाचतो’ ही केस. शिक्षिकेला आधी विचारा की तिला कशाचा त्रास होतो. तिला नको असलेली केस डिसेंबरपर्यंत टिकत नाही.

मग बेसलाइन, म्हणजे काम सुरू करण्याआधीची पातळी. एका मिनिटाचा उतारा, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे, वेगवेगळ्या दिवशी. तीन आकडे ही अगदी तळाची हद्द, मी पाच मागते. उतारे एकाच पातळीचे आहेत ना, हे स्वतः वाचून बघा. हा मुद्दा मी का ताणून धरते, ते खालच्या हिशोबात कळेल.

समजा बेसलाइनचे आकडे ४२, ३९, ४७, ४१ आले. मग आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटं, तोच उतारा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचून घेतला आणि दर आठवड्याला नव्या उताऱ्यावर मोजलं: ४५, ४९, ५१, ४८, ५५, ५८, ६०, ६२. बेसलाइनमधला सर्वांत वरचा आकडा ४७. नंतरच्या आठांपैकी सात त्याच्या वर, म्हणजे ८७.५ टक्के. याला पीएनडी म्हणतात, म्हणजे बेसलाइनच्या पल्ल्याबाहेर गेलेल्या आकड्यांची टक्केवारी. ९० च्या वर उत्तम, ७० ते ९० परिणामकारक, ५० ते ७० शंकास्पद, त्याखाली परिणाम नाही, असा ढोबळ दंडक आहे.

आता बेसलाइनच्या एकाच दिवशी सोपा उतारा हाती लागला आणि ४७ च्या जागी ५६ आले असं धरा. मूल तेच, शिकवणं तेच. वर राहिले फक्त ५८, ६०, ६२, म्हणजे ३७.५ टक्के. दोन महिन्यांची मेहनत कागदावर ‘परिणाम नाही’! म्हणून आकड्याच्या आधी आलेख. आलेखात चढ दिसत असेल तर टक्केवारी का घसरली ते लिहा. पण नको असलेला बिंदू गुपचूप खोडू नका, तशी फाइल मी परत करते.

माझी स्वतःची पहिली केस वेगळ्याच कारणाने फसली. शिकवण्याचे २४ तास ठरले होते, पण फायर ड्रिल, असेंब्ली, बदली शिक्षिका या गोंधळात ११ च झाले. मी ते कुठे नोंदवलंच नव्हतं. आलेख सपाट आला आणि मी लिहिलं, ‘पद्धत निरुपयोगी.’ पद्धत बिचारी राबवलीच कुठे गेली होती! तेव्हापासून तारखेचा आणि टिकमार्कचा साधा कागद शिक्षिकेच्या टेबलावर चिकटवायचा आणि शुक्रवारी बघायचा, हा माझा नेम आहे.

वागणुकीच्या केसमध्ये शब्द मोजता येत नाहीत. तिथे १९६८ मध्ये किरेसुक आणि शेरमन यांनी मांडलेली उद्दिष्टपूर्तीची पट्टी वापरा: उणे २ ते अधिक २, शून्य म्हणजे अपेक्षेइतकी प्रगती. पाचही पायऱ्यांची वर्णनं काम सुरू करण्याआधी, शिक्षिकेसोबत बसून लिहा. नंतर लिहिली की सगळीच मुलं अधिक १ वर जातात, हा माझा अनुभव.

आपल्या घरांतल्या मुलांबद्दलही एक सांगायचं आहे. घरात मराठी, शाळेत इंग्रजी असलेल्या मुलाला फक्त राष्ट्रीय सरासरीशी ताडून बघू नका. त्याच्यासारख्याच, इंग्रजी शिकत असलेल्या मुलांचा वेग बघा, आणि आईला विचारा की मराठीत गोष्ट सांगताना तो अडखळतो का. मराठीत घडाघडा बोलत असेल आणि फक्त इंग्रजी वाचताना अडत असेल, तर विचाराची दिशा बदलते.

कोर्स निवडत असाल तर ईमेलमध्ये हे विचारा: मागच्या वर्षीच्या इंटर्नच्या केसमधला एखादा आलेख, नाव झाकून, दाखवाल का? नोकरी किती जणांना लागली ते सगळेच आनंदाने सांगतात. आलेख मागितल्यावर कोण लगेच पाठवतं आणि कोण माहितीपत्रक पाठवतं, ते बघा.

नाशिकच्या बाईंनी काल बेसलाइनचा चौथा आकडा घेतला. पाचवा सोमवारी. उतारा मी आधी वाचणार आहे.